पाणी कुठे मुरतंय?

प्रश्न : मी चिपळूणचा, निवृत्त भूगोल शिक्षक. २०२१ च्या जुलैमधल्या पुरात जुना कॉम्प्युटर चिखलात गेला, त्यानंतर हा लॅपटॉप घेतला. २५६ जीबीचा एसएसडी, ८ जीबी रॅम. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापक वाचून वहीत लिहायची माझी जुनी सवय आहे. गेल्या जूनपासून त्याच वहीत दर रविवारी सी ड्राइव्हची मोकळी जागाही लिहितो. १०४ जीबी होती, आज ९ आहे. मी यात नवीन काहीच ठेवत नाही. माझी कागदपत्रं, फोटो, डाउनलोड, डेस्कटॉप सगळं मिळून ६१ जीबी भरतं, आणि ड्राइव्ह म्हणतो २२८ वापरले. लग्नाचे ९ जीबी फोटो डिलीट केले, तरी काटा हलला नाही. इथल्या दुकानदारानं व्हायरस आहे, फॉरमॅट मारावं लागेल असं सांगितलं. वहीच्या पानाचा फोटो सोबत जोडतो.

उत्तर : सर, तुमचं पत्र एकदा वाचलं आणि वहीचं पान चारदा. सांगलीत २४ वर्षं दुरुस्तीचं दुकान चालवते. 'जागा आपोआप कमी होते' म्हणत येणारे रोजचे, पण नोंद ठेवून आलेले तुम्ही पहिले. व्हायरसचा संशय आधी बाजूला ठेवा. आजकालच्या चोरट्या सॉफ्टवेअरला तुमचे पासवर्ड हवे असतात, तुमची डिस्क भरून स्वतःकडे लक्ष वेधून घ्यायचं नसतं.

तुमच्या वहीत तीन प्रकारचा पाऊस दिसतो. जूनपासून आठवड्याला अर्धा-पाऊण जीबी अशी रिपरिप. मग दिवाळीत पाहुण्यांमुळे दोन रविवार कोरे, आणि त्यानंतर ९१ चे एकदम ३८. ही ढगफुटी. आणि जानेवारीत एक गंमत : ३२ वरून १४ वर आलात आणि दोन आठवड्यांनी, हात न लावता, पुन्हा २९ वर गेलात. त्या नोंदीपुढे तुम्ही पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढलंय.

आधी ते प्रश्नचिन्ह पुसू. विंडोजची मोठी आवृत्ती येते तेव्हा जुनी विंडोज लगेच टाकून देत नाहीत. 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये ती तशीच ठेवतात, नवीन जमली नाही तर मागं फिरता यावं म्हणून. त्यासाठी १० दिवसांची मुदत असते, ती संपली की फोल्डर आपोआप साफ होतो. तुमच्या १८ पैकी १५ जीबी असे परत आले. हे ज्यांना माहीत नसतं ते पाचव्या दिवशी घाबरून दुकानात येतात. खोटं कशाला बोलू, सुरुवातीच्या काळात अशा साफसफाईचे पैसे मीही घेतलेत.

बाकीच्यासाठी मी सरांना फोन केला. (पुढचं इतर वाचकांसाठी लिहिते.) विनडिरस्टॅट नावाचा फुकटचा प्रोग्राम त्यांना उतरवायला सांगितला. तो डिस्कवरचा प्रत्येक फोल्डर तोलून मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं मांडतो आणि खाली रंगीत चौकोनांची गोधडी काढतो : जेवढा मोठा चौकोन तेवढी मोठी फाइल. एक पथ्य मात्र पाळायचं. आयकॉनवर उजवं क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणून उघडायचा. नाहीतर ज्या खोल्यांना कुलूप आहे त्या तो मोजतच नाही आणि हिशेब पुन्हा अपुरा राहतो.

सर आकडे वाचत गेले, तोंडी परीक्षेचे गुण वाचावेत तसे. मी लिहून घेतले. त्यांचं स्वतःचं ६१. विंडोज आणि सगळे प्रोग्राम ४८. झोपेच्या फाइलसकट मेमरीच्या फाइली ८. रिस्टोअर पॉइंट, म्हणजे काही बिघडलं तर विंडोजला मागच्या स्थितीत नेण्यासाठीच्या नोंदी, ९. ब्राउझरचा साठा आणि टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फाइली, ७. रिसायकल बिन ९. इथवर १४२ झाले.

"सर, अजून ८६ कुठेत?" मी विचारलं.

"थांबा," म्हणाले, "इथं एक भलामोठा चौकोन आहे. मोबाइलसिंक, बॅकअप. ५२ जीबी."

"दिवाळीला कोण आलं होतं?"

मुलगा आला होता. त्याचा आयफोन भरला होता, म्हणून वडिलांच्या लॅपटॉपला जोडून त्यानं बॅकअप घेतला, फोन रिकामा केला आणि परत गेला. बॅकअप जिथं होता तिथंच राहिला. तो 'ॲपडेटा' नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये असतो, म्हणून एरवी दिसत नाही. ढगफुटी ती हीच. सरांनी मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "बाबा, तो फोनसुद्धा मी विकला की!" एवढं ऐकल्यावर बॅकअप काढायला हरकत नव्हती. मात्र विचारल्याशिवाय काढू नका. दुसऱ्याची ट्रंक आपल्या माळ्यावर असली म्हणून ती आपण फेकत नाही. आणि काढायचा तो आयट्यून्सच्या (आयफोन कॉम्प्युटरला जोडायचा ॲपलचा प्रोग्राम) प्रेफरन्सेसमधल्या 'डिव्हाइसेस'मधून, हातानं फोल्डर उडवून नाही.

उरलेले ३४ म्हणजे रिपरिप. लॅपटॉपवर व्हॉट्सॲप होतं. फोनवर आलेला व्हिडिओ लॅपटॉपवर नुसता दिसत नाही, त्याची दुसरी प्रत तिथं उतरते, आणि फोन साफ केला म्हणून लॅपटॉप साफ होत नाही. सरांचे ग्रुप मोजले : दहावीच्या १४ बॅचेस, भावकी, सोसायटी आणि पर्जन्यमापन करणाऱ्यांचा एक. सुप्रभात, वाढदिवस, नारळाच्या झाडावरून पडणारा माणूस... "मी यात नवीन काहीच ठेवत नाही" हे सरांचं वाक्य शंभर टक्के खरं आहे. ठेवणारे दुसरे आहेत. ॲपच्या सेटिंग्जमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवायच्या खुणा काढल्या आणि जुन्यातलं हवं तेवढं ठेवलं.

आता ते ९ जीबीचे फोटो. डिलीट दाबलं की फाइल रिसायकल बिनमध्ये जाते, आणि बिन त्याच डिस्कवर असतं. हॉलमधली रद्दी पोत्यात भरून त्याच हॉलच्या कोपऱ्यात उभी केल्यासारखं. हॉल नीट दिसतो, जागा तेवढीच अडते. काटा हलला नाही तो यामुळे. बिन रिकामं करण्याआधी मी सरांना त्या फोटोंची दुसरी प्रत आहे का असं तीनदा विचारलं. पेन ड्राइव्हवर होती. नसती तर तो ९ जीबीचा सल्ला मी दिला नसता.

रिस्टोअर पॉइंटचे ९ आम्ही तसेच ठेवले. झोपेची फाइलही ठेवली. तिच्यावर इंटरनेटवर फार जणांचा राग दिसतो, म्हणून दोन वाक्यं. लॅपटॉप हायबरनेट होतो तेव्हा रॅममधला ऐवज डिस्कवर उतरवायला विंडोज आधीच जागा धरून ठेवते. साधारण रॅमच्या ४० टक्के, म्हणजे ८ जीबीला ३.२. डेस्कटॉपवाल्यांनी हवी तर काढावी, लॅपटॉपवाल्यांनी ठेवावी. बॅटरी उतरली तर उघडं काम तीच वाचवते, आणि लॅपटॉप झटकन सुरू होतो त्यातही तिचा हात असतो.

शेवटी बॅकअपचे ५२, व्हॉट्सॲपचे २८, बिनचे ९ आणि टेम्पचे ४ मिळाले. मोकळी जागा १०२ जीबी. सर म्हणाले, "म्हणजे अजून दोन जीबींचा हिशेब लागत नाही." मी म्हटलं, वर्षभरात विंडोजनं स्वतःचं अंग थोडं वाढवलंय, ते तिला राहू द्या.

दुकानदारानं सांगितलेला फॉरमॅट लागू पडला असता, यात शंका नाही. घूस लागली म्हणून वाडा पाडला तर घूसही जातेच. पण वर्षभरात तीच रिपरिप पुन्हा सुरू झाली असती. 'एका क्लिकमध्ये साफ' म्हणणाऱ्या फुकट क्लीनरांनाही मी दारात उभं करत नाही. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची सेटिंग्जची वही, साफ करून मिळतात काही केबी आणि बिघडतं ते निस्तरायला अख्खा दिवस जातो.

एक इशारा मात्र ठळक लिहायला हवा. विंडोज फोल्डरच्या आत 'विनएसएक्सएस' नावाचा फोल्डर आहे. मोजला की दहा-बारा जीबी भरतो आणि नावावरून अडगळीचा वाटतो. मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकाच्या भाच्यानं मामाची जागा वाचवायची म्हणून तो उडवायला घेतला. अर्धा उडाला, बाकी अर्ध्यानं नकार दिला, आणि दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर चालू होईना. विंडोजच्या फाइलींचा मूळ साठा तिथं असतो. त्याचा आकारही फसवा आहे : एकाच फाइलला दोन ठिकाणांहून नाव दिलेलं असतं. एकच मुलगा दोन हजेरीपटांवर असावा, तसं. मोजणारा दोन मोजतो, बाक एकच अडलेला असतो. जागा हवीच असेल तर 'डिस्क क्लीनअप' उघडा, 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' दाबा आणि 'विंडोज अपडेट क्लीनअप'वर खूण करा. त्या यादीतल्या प्रत्येक ओळीचा अर्थ वाचून मगच खूण करायची. काही आवृत्त्यांत तिथं 'डाउनलोड्स'ही असायचं, आणि सगळ्यांवर खूण करणाऱ्यांची पॅनकार्डं नि मार्कशीटं त्यात गेलेली मी पाहिली आहेत.

सर, वही चालू ठेवा. फक्त मोकळ्या जागेच्या शेजारी आणखी एक रकाना आखा : त्या आठवड्यात लॅपटॉपला काय जोडलं, काय नवीन घातलं.

प्रश्न : ऑनलाइन १ टीबीची बाहेरची हार्ड डिस्क घेतली. कोरी करकरीत, तरी लावल्या लावल्या ९३१ जीबी दाखवते. ६९ जीबी कुणी खाल्ले? परत पाठवू का? (वाचक भगिनी, नाशिक)

उत्तर : ताई, परत पाठवू नका, दुसरी आली तरी तेवढंच दाखवेल. घरातल्या आजींना कच्चा शेर आणि पक्का शेर विचारा, तसलाच प्रकार आहे. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात : १ टीबी म्हणजे १ वर बारा शून्यं इतके बाइट. विंडोज १०२४ च्या पटीत मोजते आणि तरी नाव जीबीच लावते. बाइट तेवढेच, माप वेगळं. ५०० ची डिस्क ४६५ दाखवते ती याच कारणानं. १०२४ च्या मापाला 'गिबिबाइट' असं वेगळं नाव १९९८ मध्येच ठरलं, पण विंडोजनं ते घेतलं नाही. ॲपलनं २००९ पासून मॅकवर हजाराचं माप घेतलं, त्यामुळे तुमची हीच डिस्क भावाच्या मॅकला लावलीत तर पूर्ण १ टीबी दाखवेल.

प्रश्न : इचलकरंजीत एका सूतव्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. ई-वे बिलांच्या सुमारे ४०,००० लहान लहान फाइली ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हवर टाकल्या. एकेक फाइल अडीच केबीची, म्हणजे सगळ्या मिळून १०० एमबीच्या आसपास. पेन ड्राइव्हवर मात्र जवळजवळ ५ जीबी गेले. पेन ड्राइव्ह नकली आहे का?

उत्तर : नकली पेन ड्राइव्ह बाजारात आहेत, तुमचा तसा वाटत नाही. तुमचं गणितच त्याची साक्ष देतं. त्या फोल्डरवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज बघा, दोन आकडे दिसतील : 'साइज' आणि 'साइज ऑन डिस्क'. डिस्क जागा सुटी देत नाही, ठरावीक मापाच्या खोक्यांत देते. फाइल खोक्यापेक्षा लहान असली तरी अख्खं खोकं अडतं, उरलेल्या जागेत दुसरी फाइल बसवता येत नाही. कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर हे खोकं सहसा ४ केबीचं असतं, म्हणून तिथं तुम्हाला फरक जाणवला नाही. तुमचा पेन ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट केलेला असणार, आणि ३२ जीबीच्या वरच्या एक्सफॅटमध्ये खोकं न सांगता घेतलं तर १२८ केबीचं मिळतं. ४०,००० गुणिले १२८ केबी करा, ४.८८ जीबी येतात. तुमचे 'जवळजवळ ५' तेच. अडीच किलो सुतासाठी सव्वाशे किलोचा गठ्ठा बांधल्यासारखं झालं.

महिन्यागणिक एकेक झिप फाइल करा आणि तीच पेन ड्राइव्हवर टाका. हजारो खोक्यांऐवजी मोजकी लागतील, आणि कॉपी व्हायला जो पाऊण तास लागत असेल तो दोन-चार मिनिटांवर येईल. फक्त मूळ फाइली कॉम्प्युटरवरून काढण्याआधी एखादी झिप उघडून आतलं बिल दिसतंय ना, ते बघून घ्या.