व्यंगचित्रातलं 'व्यंग' कुणाचं?

प्रश्न असा: वर्तमानपत्राच्या पुस्तक-पानावर लेखक, प्रकाशक, वाचक यांची फिरकी घेणारी चित्रं येतात, त्यांना व्यंगचित्र म्हणावं की अर्कचित्र? आणि 'व्यंग' म्हणजे शारीरिक उणीव, तर हा शब्द आता टाकूनच द्यावा का?

अर्कचित्र नव्हे. ते अमुक एका माणसाच्या चेहऱ्याचं असतं. कुठल्याही रेखाटनाला 'अर्कचित्र' म्हणायची जी टूम निघाली आहे, तिनं कान किटले. (हा अर्क अरबी, मूळ अर्थ घाम. सूर्य असलेल्या संस्कृत अर्काशी त्याचं नातं जोडू नये.)

आता 'व्यंग'. वि + अंग, म्हणजे अंगात उणं, अशी फोड करून 'दोषावर बोट ठेवतं ते व्यंगचित्र' असं बिनदिक्कत ठोकून दिलं जातं. कोशात तसं असेल तर असो, मला पटत नाही. माझ्या मते मूळ शब्द 'व्यंग्य'. त्यातला य मराठी जिभेनं गिळला, हिंदीत तो शाबूत आहे. व्यंग्य येतो वि + अञ्ज् या संस्कृत धातूपासून. अञ्ज् म्हणजे माखणं, उघड करणं. डोळ्यातलं अंजन त्याचंच, अभिव्यक्ती त्याचीच, इतकंच काय, पानातलं तोंडीलावणं असलेलं व्यंजनही त्याचंच! मग ज चा ग कसा झाला? पाणिनीचं सूत्रच आहे, 'चजोः कु घिण्ण्यतोः', म्हणजे ठरावीक प्रत्ययांपुढे च-ज चे क-ग होतात. त्यज्-त्याग, युज्-योग, तसा अञ्ज्-व्यंग्य. ९ व्या शतकात काश्मिरात काव्यशास्त्रकार आनंदवर्धनानं ध्वनीचा, म्हणजे काव्यातल्या सूचित अर्थाच्या सिद्धांताचा, सगळा डोलारा उभारला तो याच व्यंग्यार्थावर. न बोलता कळतं ते व्यंग्य.

'गार्डियन' या ब्रिटिश दैनिकातली चित्रकार टॉम गॉल्डची पुस्तकांवरची चित्रं पाहा. माणसं जवळजवळ काड्यांची, वेडंवाकडं करायला अंगच नाही. तरी भारदस्त साहित्यवाले आणि पाठीला जेटपॅक बांधलेली विज्ञानकथा यांच्यातला मत्सर एका चौकटीत कळतो. आपल्याकडे 'ललित' मासिकात जयवंत दळवी 'ठणठणपाळ' या नावानं साहित्यिकांची फिरकी घेत; त्या ठणठणपाळाच्या हाती व्यंगचित्रकार वसंत सरवट्यांनी भला थोरला हातोडा दिला. तो कुणाच्या टाळक्यासाठी, हे साहित्यिकांना सांगावं लागलं नाही. यात कुणाचं अंग उणं आहे, ते वि + अंगवाल्यांनी दाखवावं.

तेव्हा शब्द टाकू नका, त्याचा य परत आणा. मुद्रितशोधक तो दरवेळी खोडतील, पण मी लिहीत राहणार.