वाचकांचे प्रश्न : जुना राउटर सुरू होत नाही तेव्हा

प्रश्न : नेटवर्किंगच्या परीक्षेचा सराव घरी करता यावा म्हणून मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सिस्को २८११ हा वापरलेला राउटर घेतला. पंखा फिरतो, हिरवा दिवा सारखा लुकलुकतो आणि लॅपटॉपवर 'रॉममॉन १' एवढे उमटून सगळे थांबते. विक्रेत्याच्या मते बोर्ड गेला आहे व तो बदलावा लागेल. हे खरे आहे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : आपण सांगितलेल्या लक्षणांवरून तरी बोर्ड गेलेला दिसत नाही, त्यामुळे त्यावर एक रुपयाही खर्च करण्याची घाई करू नये. रॉममॉन म्हणजे रॉम मॉनिटर हा बोर्डावरच असलेला छोटा प्रोग्रॅम. वीज मिळताच तो जागा होतो, मेमरी तपासतो आणि मग फ्लॅश कार्डावरील आयओएस ही खरी कार्यप्रणाली शोधून तिच्या हाती कारभार सोपवतो. तो आपल्याकडे आज्ञा मागत थांबला आहे, याचा अर्थ प्रोसेसर, कन्सोल पोर्ट (राउटरला आज्ञा देण्यासाठी लॅपटॉप जोडायची खाच) आणि निदान काही मेमरी शाबूत आहे. लुकलुकणारा हिरवा दिवाही हेच सांगतो. बिघाड असता तर तो पिवळसर झाला असता.

आता प्रश्न एवढाच उरतो की त्याला आयओएस सापडली नाही, की ती शोधूच नको असे कोणी सांगून ठेवले आहे. दुसरी शक्यता आधी तपासावी, कारण तिला दोन मिनिटे पुरतात. 'कॉनफ्रेग' (confreg) ही आज्ञा नुसती दिल्यास कॉन्फिगरेशन रजिस्टरचा, म्हणजे राउटरने कसे सुरू व्हावे हे ठरवणाऱ्या नोंदीचा, सध्याचा आकडा दिसतो. त्याचा शेवटचा अंक शून्य असेल, तर राउटर सांगितल्याप्रमाणे मुद्दाम रॉममॉनमध्ये थांबतो आहे. नेहमीचा २१०२ लिहिताना हात चुकून २१२० पडल्याने असे झालेले राउटर जुन्या बाजारात हमखास भेटतात. 'बदल करायचा का' या प्रश्नाला नकार द्यावा, 'कॉनफ्रेग' पुढे २१०२ हा आकडा (त्याआधी शून्य आणि एक्स जोडून) द्यावा आणि 'रीसेट' म्हणावे.

तेवढ्याने भागले नाही, तर 'डीआयआर' या आज्ञेने फ्लॅशमध्ये काय आहे ते पाहावे. कंपन्या राउटर भंगारात काढताना माहिती बाहेर जाऊ नये म्हणून कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड काढून घेतात, त्यामुळे खाच रिकामी असण्याचा संभव बराच आहे. कार्ड असेल आणि त्यावर 'बिन' या शेपटाची फाइल दिसत असेल, तर 'बूट' आज्ञेपुढे फ्लॅश व त्या फाइलचे पूर्ण नाव देऊन पाहावे. तरीही मेमरी अपुरी असल्याचा संदेश आला, तर दोष फाइलचा नाही. ती दाबून साठवलेली असते व मेमरीत उलगडताना कितीतरी मोठी होते, म्हणून मेमरी वाढवावी किंवा कमी सोयींची लहान फाइल वापरावी.

कार्ड रिकामे निघाले तर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ते कार्ड रीडरमध्ये घालून फॅट १६ पद्धतीने फॉरमॅट करावे आणि लॅपटॉपवरूनच फाइल उतरवावी. रीडर नसल्यास रॉममॉनमधूनच टीएफटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून फाइल पाठवण्याच्या एका साध्या पद्धतीने, लॅपटॉपला सर्व्हर करून फाइल आणता येते. त्यासाठी राउटरचा पत्ता, सबनेट मास्क, गेटवे, सर्व्हरचा पत्ता व फाइलचे नाव अशी पाच मूल्ये भरावी लागतात; त्यांची नावे इंग्रजी कॅपिटल अक्षरांतच लिहावीत आणि बरोबरच्या (=) चिन्हाभोवती जागा सोडू नये. अशा रीतीने फाइल आणताना फ्लॅशमधील आधीचे सारे पुसले जाते, हे ध्यानात असू द्यावे. काही जुने टीएफटीपी सर्व्हर ३२ एमबीच्या पुढे जात नाहीत. तिथे येऊन फाइल अडकली, तर राउटरला बोल न लावता सर्व्हर बदलावा. कन्सोल केबलवरूनच एक्समोडेम या जुन्या पद्धतीने फाइल पाठवण्याचा मार्गही आहे, पण सेकंदाला ९६०० बिट या वेगाने ३० एमबीला नऊ तासांहून अधिक लागतात, तेव्हा तो अगदी शेवटी ठेवावा.

फाइलबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगतो. आयओएसचा परवाना जुन्या यंत्रासोबत आपोआप नव्या मालकाकडे येत नाही. कुठून तरी उतरवलेल्या फाइलमध्ये कोणी काय मिसळले आहे हेही आपल्याला कळत नाही. मूळ कार्ड विक्रेत्याकडे आहे का, हे आधी विचारावे.

प्रश्न : महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी घेतलेला जुना सिस्को ४३३१ काही महिने उत्तम चालला. एकदा वीज जाऊन आली आणि त्यानंतर कन्सोलवर एकही अक्षर आलेले नाही. – एक प्राध्यापिका, नाशिक

उत्तर : प्रथम दुसरी कन्सोल केबल लावून पाहावी. वेग ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १ आणि फ्लो कंट्रोल बंद अशी मांडणी ठेवावी. फ्लो कंट्रोल चालू राहिले, तर अक्षरे दिसतात पण आपण टाइप केलेले पोहोचत नाही. निरर्थक चिन्हे उमटत असतील तर वेग बदलून पाहावा.

तरीही पडदा कोराच राहिला, तर या मॉडेलबाबत एक विशिष्ट शंका घ्यावी लागते. फेब्रुवारी २०१७ मध्ये सिस्कोने जाहीर केले की ४३३१ सह तिच्या काही उपकरणांतील घड्याळ-संकेत देणारा एक घटक सुमारे १८ महिन्यांच्या वापरानंतर निकामी होऊ शकतो, आणि तसे झाल्यावर उपकरण पुन्हा सुरू होत नाही. आपले यंत्र त्यातले आहे का, हे अनुक्रमांकावरून पडताळता येते. असेल तर घरगुती दुरुस्तीचा नाद सोडावा. याआधी २०१४ मध्येही कंपनीने २००५ ते २०१० दरम्यान बनलेल्या काही मेमरी चिपबद्दल असाच इशारा दिला होता : यंत्र वर्षानुवर्षे अखंड चालते आणि बंद करून चालू केले की उठत नाही. म्हणूनच 'काढला तेव्हा चालू होता' हे विक्रेत्याचे म्हणणे खरे असूनही आपल्या हाती बंद राउटर येऊ शकतो. जुना राउटर आपल्या डोळ्यांसमोर बंद करून पुन्हा चालू करवून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

प्रश्न : माझा राउटर सुरू होतो, पण आधीच्या कंपनीचा पासवर्ड मागतो. – एक वाचक, पणजी

उत्तर : वीज चालू केल्यावर पहिल्या ६० सेकंदांत कन्सोलवरून ब्रेक, म्हणजे सुरू होणे मध्येच थांबवणारा संकेत, पाठवावा. अनेक लॅपटॉपवर ही कळ नसते. पुटी या कन्सोल दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या मेनूमध्ये ती मिळते. रॉममॉन आला की रजिस्टर २१४२ करून रीसेट करावे, म्हणजे जुनी मांडणी वाचली जाणार नाही. ती उघडून पाहण्याच्या मोहात पडू नये, कारण तीत दुसऱ्यांचे पासवर्ड व पत्ते असतात. ती सरळ पुसून टाकावी. मग रजिस्टर पुन्हा २१०२ करून राउटर रीलोड करावा आणि 'बदल जतन करायचे का' असे विचारल्यास 'नाही' म्हणावे.