निवृत्त वडिलांना रोज चालायची सवय कशी लावावी?

‘वडील ६८ वर्षांचे आहेत, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, पण चार दिवस जातात आणि सोडून देतात,’ असं तुम्ही लिहिलंय. मी ७१चा आहे आणि ते चार दिवस मी स्वतः पाच-सहा वेळा केलेत, म्हणून वडिलांच्या बाजूने सांगतो.

माझ्या मुलाने मनगटाला पावलं मोजणारं घड्याळ बांधलं. रोज दहा हजार. संध्याकाळी त्यात जेमतेम तीन हजार दिसायची आणि जेवताना माझी झाडाझडती. आठवडाभरात घड्याळ कपाटात गेलं. नंतर वाचलं की हा आकडा कुठल्या डॉक्टरच्या चिठ्ठीतून आलेला नाही. १९६५ साली जपानात विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून तो रूढ झाला!

माझी गाडी सुरू झाली ती खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांमुळे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना एकट्याने बाहेर पडायची धास्ती वाटायची. सहा वाजून दहा मिनिटांनी खालून हाक यायची, “अहो, येताय ना?” स्वतःला ‘आज नको’ म्हणणं सोपं असतं, पण जिन्यापाशी काठी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कसं म्हणणार? आता रविवारी आम्ही पर्वती चढतो. १०३ पायऱ्या. पहिल्यांदा तीनदा थांबलो, दर वेळी पुणं न्याहाळायचं सोंग करून.

नुसतं चालून मात्र भागत नाही. आठवड्याला किमान दीडशे मिनिटांच्या हालचालीबरोबर पासष्टीपुढच्यांनी तोल आणि ताकद वाढवणारे व्यायामही करावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी चहा उकळेपर्यंत ओटा धरून टाचा वर-खाली करतो. बातम्या लागल्या की हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठबस. सुरुवातीला चौथ्यालाच हात टेकला होता. (छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा.)

पावसाळ्यात सवय हमखास मोडते, तेव्हा पार्किंगमध्ये फेऱ्या मारायच्या.

तुम्ही ‘आज गेलात का?’ हे विचारणं तेवढं बंद करा. त्याऐवजी दूध आणायचं काम द्या, तेही कोपऱ्यावरच्या नव्हे, जरा लांबच्या डेअरीतून. आणि वेल्क्रोचे बूट घेऊन द्या. वाकून नाडी बांधणं जड जातं म्हणून घरी बसणारे बरेच असतात, कबूल कोणी करत नाही.