खापरं गोळा करणाऱ्या पोराचं काय करायचं?

ताई नमस्कार, पत्र दोनदा वाचलं. गाव बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातलं, पोरगा बारावी सायन्सला ६४ टक्के, हलशीचं देऊळ बघून आल्यापासून एकच धोशा की आर्किऑलॉजीच, म्हणजे पुरातत्त्वच करणार, कॉटखाली बुटाच्या खोक्यात जुन्या मडक्यांची खापरं साठवलेली, आणि त्याचे पप्पा म्हणतात, "खापरं येचून पोट भरतंय होय? इंजिनिअरिंगला घाला." हसू आलं, पण प्रश्न खोटा नाही की ओ.

त्यांना पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलियांबद्दल सांगा. १९०८ चा जन्म, मुंबईचं गुजराती घर. पंधराव्या वर्षी टिळकांच्या आर्यांवरच्या पुस्तकाचं गुजराती भाषांतर हाती लागलं, त्यातलं फारसं कळलं नाही पण किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. मग संस्कृत, एमएला नालंदा विद्यापीठावर प्रबंध, नंतर लंडनला पीएचडी आणि तिकडेच व्हीलर या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाच्या हाताखाली मेडन कॅसल या इंग्लंडमधल्या प्राचीन किल्ल्याच्या खोदकामावर काम. १९३९ ला पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्रोफेसर झाले. कोल्हापूरला पंचगंगेकाठची ब्रह्मपुरी ही जुन्या वस्तीची जागा १९४५-४६ त त्यांनी आणि मो. गं. दीक्षितांनी खोदली. तिथलाच तो ब्राँझचा छोटा पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, रोमन व्यापारातून आलेला, टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे, पोराला एकदा दाखवून आणा, बेळगावातून सकाळी निघालात तर संध्याकाळी परत.

आणि इनामगाव. शिरूर तालुक्यातलं, घोड नदीवरचं गाव, १९६८ ते १९८३ खोदकाम चाललं, तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची शंभरावर घरं निघाली. लहान लेकरू गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि घरातल्याच जमिनीखाली पुरायचे. हे सगळं कळलं ते सोन्यानाण्यांतून नाही, खापरं आणि हाडं धुऊन, नंबर टाकून, मोजून मोजून. म्हणून मला पोराच्या मार्कांपेक्षा त्या खोक्यात इंटरेस्ट आहे.

त्याला विचारा, कुठलं खापर कुठं सापडलं ते लिहून ठेवलंय का? नसेल तर ते नुसते तुकडे. मडक्याच्या काठाचा तुकडा असेल तर त्याच्या वळणावरून पूर्ण तोंड केवढं होतं ते काढता येतं, कागदावर काढून बघू दे. आणि सरकारी बोर्ड लावलेल्या जागेवरून काही उचलायचं नाही, तो गुन्हा आहे. दोन महिने वहीत असं लिहीत बसला, कंटाळला नाही, तर समजा खरं आहे. देवळापुढच्या सेल्फीपुरता उत्साह असेल तर पंधरा दिवसांत उतरतो, मी बघितलाय.

सायन्स फुकट जाणार नाही. कर्नाटकातल्या हल्लूर या प्राचीन वस्तीच्या खोदकामातली जनावरांची हाडं तपासणारे के. आर. आलूर व्हेटर्नरी डॉक्टर होते. गोकाकजवळ घटप्रभेच्या काठी गेंड्याची जीवाश्म हाडं मिळाली ती रॉबर्ट ब्रूस फूटला, तो जिऑलॉजिस्ट. म्हणून मी म्हणेन, जिऑलॉजी घेऊन बीएस्सी करू दे, मग डेक्कन कॉलेजला किंवा धारवाडच्या कर्नाटक युनिव्हर्सिटीत एमए. पुढे नेट, पीएचडी, किंवा यूपीएससीतून पुरातत्त्व खात्यातल्या वरच्या पोस्टी. पोस्टी कमी निघतात, कॉन्ट्रॅक्टवर काही वर्षं जातात, हे लपवत नाही. इंजिनिअरिंग करून घरी बसलेलेही आपल्या गल्लीत आहेतच म्हणा.

कन्नड शिकण्याबद्दल तुम्ही भीतभीत लिहिलंय. राजकारण बाजूला ठेवा ताई, आपल्या भागातले बरेच शिलालेख जुन्या कन्नडात आहेत आणि राज्याच्या खात्यात नोकरी हवी तर कन्नड लागतंच. पुण्याच्या पोराला जे मुद्दाम शिकावं लागेल ते याला बाजारात ऐकून निम्मं येतंय. मोडी पण शिकू दे.

फॉर्म भरायच्या आधी पप्पांना पोराबरोबर एकदा धारवाडला पाठवा, डिपार्टमेंटमध्ये जाऊन तिथल्या सरांना तोच प्रश्न विचारू देत, पोट भरतंय काय म्हणून. काय उत्तर मिळालं ते मला कळवा.