कंपाइल झालेल्या फायली कुठे ठेवायच्या?

प्रश्न : वाचनालयाच्या पुस्तकनोंदींसाठी सी भाषेत प्रोग्रॅम लिहिला आहे. एक बायनरी (कंपाइल होऊन तयार झालेली, थेट चालणारी फाइल), एक प्लगिन (प्रोग्रॅम चालताना जोडला जाणारा भाग) आणि मराठी भाषांतराची 'एमओ' फाइल आहे. मेकफाइल, म्हणजे प्रोग्रॅम बांधण्याच्या सूचनांची फाइल, हातानेच लिहिली. डेबियन या लिनक्स प्रणालीसाठी पॅकेज (इन्स्टॉल करायचा गठ्ठा) करताना सगळं '/यूएसआर/लोकल'मध्ये जातं. चालेल का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : नाही. ती जागा मशीन सांभाळणाऱ्याची. पॅकेजने तिथे फायली टाकू नयेत, हा डेबियनचा नियम आहे. बायनरी '/यूएसआर/बिन'मध्ये ठेवा. प्लगिन प्रोसेसरनुसार बदलतं, म्हणून ते '/यूएसआर/लिब'मधल्या त्या-त्या आर्किटेक्चरच्या (प्रोसेसरच्या प्रकाराच्या) फोल्डरात, प्रोग्रॅमच्या नावाने उपफोल्डर करून. 'एमओ' फाइल कंपाइल केलेली असली तरी तीच फाइल कुठल्याही प्रोसेसरवर वाचता येते, त्यामुळे तिची जागा '/यूएसआर/शेअर/लोकेल/एमआर/एलसी_मेसेजेस'.

खरी गडबड मेकफाइलमध्ये होते. 'प्रीफिक्स' म्हणजे प्रोग्रॅम शेवटी जिथे राहणार ती जागा, '/यूएसआर'. 'डेस्टडिर' म्हणजे पॅकेज बांधताना फायली गोळा करायचं तात्पुरतं फोल्डर. डेबियन पॅकेज बांधायला मदत करणारं 'डेबहेल्पर' हे साधन हाती लिहिलेल्या मेकफाइलला डेस्टडिर देतं, प्रीफिक्स देत नाही. प्रीफिक्स तुम्हीच द्यायचा, आणि तोही बिल्ड व इन्स्टॉल दोन्ही वेळा. कारण प्लगिनचा पत्ता बहुतेकदा कंपाइल होतानाच बायनरीत कोरला जातो. तात्पुरतं फोल्डरच प्रीफिक्स म्हणून दिलंत, तर तुमच्या मशीनवर सगळं चालेल, वाचनालयातल्या मशीनवर मात्र प्लगिन सापडणार नाही. पॅकेज देण्याआधी बायनरीवर 'स्ट्रिंग्ज' कमांड चालवा; ती फाइलमधला वाचता येणारा मजकूर दाखवते. बिल्ड फोल्डरचा पत्ता दिसला तर पुन्हा बांधा.