राजमुद्रा की राष्ट्रचिन्ह?

पारपत्रावर आणि नाण्यांवर दिसणाऱ्या सिंहांच्या आकृतीला राजमुद्रा म्हणावे, राष्ट्रचिन्ह म्हणावे की बोधचिन्ह, अशी पृच्छा आहे. त्यांपैकी बोधचिन्ह हा शब्द संस्था, स्पर्धा आणि मोहिमा यांच्यासाठी रूढ असल्याने येथे बाद समजावा. उरलेल्या दोहोंत मात्र खरा भेद आहे. चिन्ह म्हणजे आकृती. मुद्रा म्हणजे ती आकृती उमटवण्याचे साधन आणि तिचा कागदाला प्रमाण ठरवणारा ठसा.

शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या माथ्यावर ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ या शब्दाने सुरू होणारी अष्टकोनी मुद्रा असे आणि मजकूर संपताच ‘मर्यादेयं विराजते’ ही लहान मुद्रा उमटवली जाई, म्हणजे तिच्याखाली कोणाला काही वाढवता येत नसे. वरचा तो शिक्का, खालचे ते मोर्तब. आपण सहज वापरतो तो ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द याच दफ्तरी रिवाजातला आहे. महाराजांची मुद्रा ‘शाहसूनोः शिवस्य’, म्हणजे शहाजीपुत्र शिवाची, असे सांगून आपला धनी स्पष्ट करते.

२६ जानेवारी १९५० रोजी स्वीकारलेल्या चिन्हात मात्र कोणा व्यक्तीचे नाव नाही. सारनाथच्या अशोकस्तंभाचे शीर्ष त्यात घेतले आहे. मुळात पाठीला पाठ लावून बसलेले चार सिंह असले तरी समोरून तीनच दिसतात, आणि खालच्या पट्टीवर मध्यभागी चक्र, उजवीकडे बैल व डावीकडे धावता घोडा येतो. मूळ शीर्षातले उलटे कमळ वगळले आहे. खालचे ‘सत्यमेव जयते’ हे मुंडकोपनिषदातले वचन चिन्हाचाच भाग असल्यामुळे त्यावाचून नुसते सिंह छापणे ही चूक होय, जरी ती सर्रास आढळते.

या चिन्हाच्या गैरवापराला मनाई करणाऱ्या २००५ च्या कायद्यातील व्याख्येचा आशयही असाच आहे की, शासनाची अधिकृत मुद्रा म्हणून वापरावयाचे ते हे चिन्ह. म्हणून आकृतीविषयी बोलताना राष्ट्रचिन्ह आणि तिच्या ठशाने दस्तऐवज प्रमाणित होतो तेव्हा राजमुद्रा, असा वापर मला योग्य वाटतो. वृत्तपत्रांनी सरसकट रुळवलेली ‘राजमुद्रा’ मी अशुद्ध म्हणणार नाही; पण माजी पदाधिकाऱ्याने परवानगीवाचून आपल्या पत्रशीर्षावर सिंह छापले, तर त्याने राष्ट्रचिन्हाचा गैरवापर केला असेच लिहावे, कारण त्या कागदाला मुद्रेचा अधिकार मुळी नसतोच.