मुलीला ख्रिस्ती कॉलेजात पाठवू का?

बारावीचा निकाल लागला की कॉलेज निवडायच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे येणारे पालक आधी कोर्सबद्दल विचारतात, मग फीबद्दल. उठायच्या वेळी मुलाला किंवा मुलीला बाहेर बसवतात आणि हळू आवाजात विचारतात, "मॅडम, कॉलेज ख्रिस्ती लोकांचं आहे. तिथे धर्माचं वगैरे काही करणार नाहीत ना?" नाशिकच्या गंगापूर रोडच्या सोसायटीतले पालकही हे विचारतात आणि दिंडोरी-निफाडकडचेही. या प्रश्नात हसण्यासारखं काही नाही. पोर पहिल्यांदाच घराबाहेर पडत असतं आणि घरच्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो.

इथे एका कुटुंबाची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

निफाड तालुक्यातलं द्राक्षबागायतदार घर. मुलगी बारावी कॉमर्स, गणितात पक्की. बंगळूरच्या एका ख्रिस्ती संस्थेच्या अभिमत (डीम्ड) विद्यापीठात तिची बीबीए फायनान्ससाठी निवड झाली होती आणि पहिला हप्ता भरायची मुदत जवळ आली होती. घरात दोन तट पडले होते. वडील गप्प होते. चुलत्यांचं म्हणणं, "एवढ्या लांब, त्यात मिशनऱ्यांचं, नकोच." आजीने तर नातीशी बोलणंच टाकलं होतं.

मुलीला मी आधी एकटीला भेटले. फायनान्सच का, असं विचारल्यावर तिने पिशवीतून एक लांबट वही काढली. बागेचा हिशेब ती नववीपासून लिहीत होती. छाटणी, थिनिंग, डिपिंग, औषधं, मजुरी असा एकरी खर्च एका बाजूला. दुसऱ्या बाजूला माल कुणाला दिला, किलोला काय दर लागला, पैसे कधी आले. एका पानावर एका व्यापाऱ्याचं नाव, पुढे "येणे" आणि रक्कम. त्याखालची जागा कोरी होती. व्यापारी माल उचलून गेला तो गेलाच. पुढच्या पानावर गावच्या सहकारी सोसायटीच्या कर्जाचं व्याज त्याच हंगामात कसं चढत गेलं ते तिने महिन्यागणिक मांडलं होतं.

"मॅम, पप्पा म्हणतात यंदा नफा झाला. मग मार्चमध्ये सोसायटी भरायला आत्याकडून पैसे का आणावे लागतात?"

नफा कागदावर असतो आणि रोकड हातात नसते, हा फरक फायनान्सच्या विद्यार्थ्यांना खेळत्या भांडवलाच्या प्रकरणात शिकवतात. ही पोर तो स्वतःच्या बागेत शिकली होती. एखाद्या विषयाची ओढ खरी आहे की मैत्रिणींचं बघून आलेली, हे ओळखायला मला याहून चांगला पुरावा क्वचितच मिळाला आहे.

मग सगळ्यांना एकत्र बसवलं. आजींना मुद्दाम बोलावून घेतलं, कारण ज्याच्या मनात भीती आहे ते माणूस खोलीबाहेर राहिलं तर खोलीत झालेला निर्णय घरी जाऊन मोडतो.

आजी सुरुवातीलाच म्हणाल्या, "आमच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई. नवरा ख्रिस्ती झाला, संसाराची काय दशा झाली बाईच्या!" त्या लक्ष्मीबाई टिळकांबद्दल बोलत होत्या. हे मी झटकून टाकलं नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली धर्म बदलला, घर दुभंगलं, हे खरंच आहे. पण तेव्हा टिळक तिशी ओलांडलेले, वाद घालणारे, चार पंथ पडताळून पाहिलेले कवी होते. कुठल्या कॉलेजने त्यांना प्रवेशाच्या बदल्यात ख्रिस्ती केलं नव्हतं. दुसरं उदाहरण मी पांडुरंग वामन काणे यांचं दिलं. ते दापोलीच्या मिशन शाळेत शिकले, मग मुंबईच्या विल्सन कॉलेजात गेले. पुढे हिंदू धर्मशास्त्राचा सगळ्यात मोठा अभ्यास त्यांच्या हातून झाला आणि १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. विल्सन १८३२ चं, झेवियर्स १८६९ चं. मराठी घरांतली पोरं या कॉलेजांत पिढ्यान्‌पिढ्या शिकत आली आहेत. आजी काही बोलल्या नाहीत, पण मान वर करून ऐकू लागल्या.

इतिहासाने मन थोडं सैल होतं, खात्री मात्र कायद्याने पटते. राज्यघटनेचं कलम २८(३) असं सांगतं की सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेत भाग घ्यायला भाग पाडता येत नाही. विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. १९८६ चा एक निकालही मी अशा पालकांना आवर्जून सांगते. केरळमधल्या तीन भावंडांना शाळेने काढून टाकलं होतं, कारण राष्ट्रगीताला ती अदबीने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. ती मुलं यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाची होती. श्रद्धेच्या बाबतीत सक्ती नको, हा हक्क त्यांनी मिळवला आणि तो आपल्या मुलीच्याही कामाचा आहे.

तरीही कायदा पुस्तकात आणि वागणूक वसतिगृहात, हे मला माहीत आहे. म्हणून वडिलांना तिथल्या तिथे कॉलेजला फोन लावायला सांगितला. सकाळची प्रार्थना सगळ्यांना आहे का? नको असेल तर काय करायचं? मूल्यशिक्षणाच्या तासाचा अभ्यासक्रम पाठवाल का? वसतिगृहात रविवारी चर्चला जावं लागतं का? पलीकडून सरळ उत्तरं आली. प्रार्थना होते, ज्यांना नको ते शांत उभे राहतात. चर्च ज्याच्या त्याच्या इच्छेवर. अभ्यासक्रम मेलवर आला. त्यात व्यावसायिक नीती, पर्यावरण आणि समाजसेवेचे तास होते. चुलत्यांनी तो दोनदा वाचला आणि मोबाईल परत दिला.

जे कॉलेज अशा प्रश्नांना टोलवाटोलवी करतं, तिथे मी पालकांना थांबायला सांगते, मग ते कॉलेज कुठल्याही धर्माच्या संस्थेचं असो.

इथे बहुतेक घरं सुटकेचा निःश्वास टाकतात आणि फी भरून मोकळी होतात. मला काळजी वाटते ती याच क्षणाची. कितीतरी दिवस प्रार्थनेवरून भांडण चालतं, त्यात घराची सगळी ताकद संपते आणि मुलीच्या पुढच्या दहा वर्षांवर ज्यांचा परिणाम होणार ते प्रश्न विचारायचे राहूनच जातात. या घरातही तेच होत होतं. तीन वर्षांची एकूण फी किती, हे वडिलांना माहीत नव्हतं. त्यांना फक्त पहिल्या हप्त्याचा आकडा ठाऊक होता.

मी मुलीलाच हिशेब मांडायला लावला. फी, वसतिगृह, मेस, येणं-जाणं. मग कर्ज. बँकांच्या शैक्षणिक कर्जात अभ्यासक्रमाचा काळ अधिक एक वर्ष हप्ता थांबतो, व्याज मात्र चालूच राहतं. हे वाक्य तिने ऐकलं आणि तिच्या नजरेसमोर काय आलं असेल ते मला कळलं. सोसायटीच्या व्याजाचं पान तिनेच लिहिलेलं होतं.

त्यानंतर मी विचारलं, "राज्याची सीईटी दिली आहेस ना?" दिली होती, गुणही चांगले होते, पण ते कागद फाईलच्या तळाशी होते. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेखाली आले आणि महाराष्ट्रात त्यांचे प्रवेश सीईटी ही सामायिक प्रवेश परीक्षा आणि कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्या यांतून होऊ लागले. त्याच वर्षी सरकारने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल प्रवर्गातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. अट अशी की प्रवेश कॅपमधून हवा. अभिमत विद्यापीठं यात नाहीत, मॅनेजमेंट कोटाही नाही. बंगळूरला तर हा प्रश्नच येत नव्हता.

एक गोष्ट इथे सगळ्याच पालकांसाठी सांगते. एआयसीटीईची चौकट नको म्हणून बऱ्याच कॉलेजांनी बीएमएसचं नाव बदलून बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज) केलं आहे. अशा कोर्सचा प्रवेश कॅपमधून होत नाही. शिकवणं चांगलं असू शकतं, पण कॅपच्या प्रवेशाशी जोडलेली सवलत त्याला लागेल असं धरून चालू नका. ब्रोशरवरचं पदवीचं पूर्ण नाव वाचा. अल्पसंख्याक संस्थांबाबत आणखी एक लक्षात ठेवा. खासगी संस्थांतही आरक्षण ठेवायची मुभा देणाऱ्या घटनेच्या कलम १५(५) मधून त्या वगळलेल्या आहेत, म्हणून तिथे जातीनिहाय आरक्षणाच्या जागा गृहीत धरून यादी करू नका.

माझं मत मी लपवलं नाही. या घरावर आधीच कर्ज होतं, म्हणून मला कॅपचा रस्ता बरा वाटत होता, आणि तसं मी बोलले. निर्णय मात्र तिने घ्यावा, घरी जाऊन, सगळ्यांसमोर, असं ठरलं. बंगळूरची जागा सोडताना ती रडली. तिच्या वडिलांनी मला फोनवर जे सांगितलं ते मला फार मोलाचं वाटतं. "धर्मापायी अडवलं असतं तर पोरीनं मला जन्मभर माफ केलं नसतं. हिशेब तिनंच केला, तिला पटला."

कॅपमध्ये तिला पुण्याचं एक कॉलेज मिळालं आणि ते कॉलेजही ख्रिस्ती संस्थेचंच होतं. यावेळी मला कुणी काही विचारायला आलं नाही. वडिलांनी स्वतःच फोन करून प्रार्थनेचं, वसतिगृहाचं आणि शुल्कमाफीचं विचारून घेतलं, शुल्काचं उत्तर लेखी मागवलं.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. कॉस्टिंग आणि फायनान्शियल मॅनेजमेंट तिला सोपं जातं. वर्गासमोर उभं राहून इंग्रजीत प्रेझेंटेशन द्यायचं म्हटलं की तिची जीभ अडखळते, आणि सध्या आमचं बोलणं होतं ते याच विषयावर. एमबीएसाठी तिला जमशेदपूरचं एक्सएलआरआय खुणावतंय. जेझुइट धर्मगुरूंनी १९४९ मध्ये सुरू केलेली ती संस्था, तिथे जायला झॅट (XAT) ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिथली फी आणि कर्ज यांचा तक्ता तिने आत्ताच करायला घेतला आहे.